डाव्या खांद्याचा दस्ता

हर्बर्ट तुस्कानो माणूस बघितला की आधी त्याचे खांदे बघायचा, चेहरा मागाहून. शारजातून बाहेर पडलं की इमारती विरळ होत जातात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळू लागते. तिथल्या एका नेमबाजी क्लबच्या शस्त्रखोलीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. रायफली पुसायच्या, तेल द्यायचं, आलेल्या माणसाला त्याच्या अंगाला जुळेल ती काढून द्यायची आणि संध्याकाळी सगळ्या परत कपाटात लावायच्या. वसईचा हा माणूस स्वतः नेम धरायला फारसा कधी बसला नाही. "मी शिंपी आहे," तो म्हणायचा, "शिंपी काय गिऱ्हाइकाचे कपडे घालून मिरवतो?"

सत्यभामा मांडवकरांच्या बाबतीत मात्र या शिंप्याची नजर चुकली होती. किती चुकली होती, हे त्याला कळायला एक डोळा जावा लागला. तोही भामाताईंचा.

भामाताई अजमानच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात लिनन रूम सांभाळायच्या. मूळच्या गुहागरकडच्या. नवरा भिकाजी जबल अलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, कंपनीच्या कॅम्पात राहायचा आणि सुट्टीला कंपनीच्या बसने अर्ध्या वाटेपर्यंत येऊन पुढे मिळेल त्या गाडीने अजमानला पोचायचा. हॉटेलच्या तळघरात ती लिनन रूम होती. चादरी, उश्यांचे अभ्रे, टॉवेल, जेवणाच्या टेबलांवरची कापडं, सगळं धुऊन-इस्त्री होऊन तिथे यायचं आणि भामाताईंच्या हाताखालून वर जायचं. त्या खोलीत त्यांचा दरारा मोठा होता. घडीची कड कडेला लागली नाही, की चादर परत. कोपऱ्यात बोटाएवढी सुरकुती दिसली, की चादर परत. लाँड्रीतली पोरं त्यांना मागून 'कस्टमवाली' म्हणायची.

आणि हीच बाई त्या खोलीचा उंबरा ओलांडून बाहेर आली, की दुसरीच व्हायची. कँटीनमधल्या आमटीत मीठ नसलं तरी चालेल. बसमध्ये चाकावरची अडचणीची जागा मिळाली तरी चालेल. कुणाची ड्यूटी अंगावर आली तरी चालेल. हर्बर्टची बायको ॲडेलिन त्याच हॉटेलात अकाउंट्समध्ये होती. ती म्हणायची, "हिला उद्या कुणी म्हणालं, भामा, आज तू लिफ्टच्या जागी उभी राहा आणि माणसं वर-खाली कर, तरी ही म्हणेल चालेल."

त्यांना क्लबवर आणलं तेही ॲडेलिननेच. थंडीच्या दिवसांत तिथे कंपन्यांच्या संघांची स्पर्धा व्हायची. चौघांचा संघ, क्लबच्याच पॉइंट टूटू रायफली, पालथं पडून नेम. एका वर्षी हॉटेलच्या संघातला चौथा गडी ऐन वेळी गावाला निघून गेला. ॲडेलिन तळघरात धावली.

"भामा, जरा चल माझ्याबरोबर. नुसतं पडून राहायचंय."

"चालेल," भामाताई म्हणाल्या. कुठे पडायचं, हेही विचारलं नाही.

हर्बर्टने त्या दिवशी त्यांना कपाटातली एक जुनी, जड, लाकडी रायफल दिली होती, वर नेम धरायची बारीक दुर्बीण बसवलेली. नवख्याला जड बरी, हलत नाही, एवढाच विचार. त्याने पालथं कसं पडायचं, श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. भामाताईंनी मान डोलावली, ओढणी कमरेला खोचली आणि पडल्या. पहिल्या गोळ्या झाल्यावर हर्बर्टने आपल्या मोठ्या दुर्बिणीतून कागद बघितला आणि तो दुर्बिणीची काच पुसू लागला. पुन्हा बघितलं. मग ॲडेलिनला बोलावून तिला बघायला लावलं. सगळ्या गोळ्या एकाच जागी गेल्या होत्या. एकीने पाडलेल्या भोकाच्या कडा दुसरीने कुरतडल्या होत्या.

"माझं काही चुकलं का?" भामाताईंनी पडल्यापडल्याच विचारलं.

त्यानंतर त्या दर थंडीत येत राहिल्या. त्यांची पाळी आली की क्लबातली माणसं हातातला चहा घेऊन मागे येऊन उभी राहायची. खरं तर बघण्यासारखं काहीच नसायचं. एक मध्यमवयीन बाई सतरंजीवर पालथी पडलेली. पण ती पडली की आसपासचं सगळंच जरा थांबल्यासारखं वाटायचं. पाठीवरच्या कापडाची घडी हलायची नाही. गोळी सुटली की नुसता टिचकीएवढा आवाज, आणि पुन्हा तसंच. क्लबचे मुदीरसाहेब, म्हणजे तिथले मॅनेजर, मूळचे सीरियाचे, तरुणपणी त्यांनी मोठमोठे नेमबाज बघितलेले. तेसुद्धा एकदा हर्बर्टला हलक्या आवाजात म्हणाले होते, "हबीबी, ये औरत साँस लेती है या नहीं?" भिकाजीला विचाराल, तर तो हसून सांगायचा, "घरात बंदूकवाली आहे, भाऊ. मी हल्ली वाद घालत नाही."

मग गेल्या उन्हाळ्यात भामाताईंच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. पडद्यामागची शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं झाली, डोळा राहिला, पण बरोबर मधली नजर गेली. कडेकडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. हवा गार होऊ लागली तशा त्या क्लबवर आल्या. हातात नेमबाजीचा हातमोजा, धुऊन, घडी करून आणलेला.

"हर्बर्टभाऊ, हा ठेवा. कुणाला तरी होईल."

"आणि तुम्ही?"

"मी नेम धरते, आणि तो काळा ठिपका उठून जातो हो. बाकीचा कागद जागेवर. मी त्याला शोधत बसते." त्या हसल्या. "डीन आहे ना आपला, रिसेप्शनवरचा. त्याला घ्या चौथा. चांगला पोरगा आहे."

हर्बर्टने हातमोजा घेतला नाही. ॲडेलिनकडून त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी भामाताई कधी बोलल्या नव्हत्या. डोळ्याचं झाल्यापासून हॉटेलात त्यांच्याविषयी कुजबुज होती, की लिनन रूमसाठी आता तरुण कुणी बघावं. भामाताई त्यालाही चालेल म्हणणार होत्या, हे ॲडेलिन छातीवर हात ठेवून सांगायची. "ती एकदा इथून मागे हटली ना, हर्बर्ट, की हटतच जाईल. ही एकच जागा आहे जिथे चार माणसं तिच्यासाठी चहा थंड करतात."

"डावा डोळा?" हर्बर्टने विचारलं.

"तो बरा आहे. सुईत दोरा जातो."

"मग डाव्या खांद्यावर घ्या."

सांगायला सोपं होतं. जुन्या रायफलीचं लाकूड उजव्या माणसासाठी कोरलेलं होतं. गाल टेकायचा उंचवटा एकाच बाजूला, हाताच्या मुठीची जागाही तशीच. डाव्या खांद्याला लावली की ती रायफल उलटा बूट घातल्यासारखी अंगावर यायची. भामाताईंनी दोनचार गोळ्या झाडल्या. कागदावर कुठे कुठे मोहरी सांडल्यासारख्या दिसल्या.

हर्बर्ट मुदीरसाहेबांकडे गेला. रायफल तीच राहू दे, तिची नळी, बोल्ट, चाप, सगळं उत्तम आहे, त्याने सांगितलं. फक्त खालचं लाकूड काढून चेसिस बसवू या. चेसिस म्हणजे ॲल्युमिनियमचा सांगाडा. लाकडासारखा सहसा एका अंगाचा नसतो. गालाची पट्टी वरखाली होते, खांद्याला टेकणारा भाग लांब-आखूड होतो, आणि काहींत तो डावीउजवीकडेही सरकतो. मुदीरसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"एक रायफल, एक चेसिस, एक बार. दुकानसे लाके ट्राय करो. हॉटेलका ट्रायल होगा, उस दिन मुझे बोलना कौनसा. बादमें नहीं बदलेगा. ठीक?"

"ठीक, साहेब."

"और अगर उसको नहीं जमा, तो मैं अपनी पसंदका लगाऊँगा. यल्ला."

दुकानदार क्लबचा जुना माणूस. त्याने क्लबच्या पत्रावर तीन चेसिस काही दिवसांसाठी पाठवून दिले. हर्बर्टने ते शस्त्रखोलीच्या टेबलावर मांडले आणि लग्नाचं सामान बघावं तसा त्यांच्याभोवती फिरला. एक मोठा, काळाभोर, अंगभर खाचा आणि भोकं असलेला, मागचा भाग दारासारखा दुमडणारा. दुसरा हिरवट, अर्धा प्लास्टिकचा, दिसायला देखणा. तिसरा आखूड आणि राखाडी, बघितल्यावर काही वाटू नये असा, जणू कुठल्यातरी यंत्राचा सुटा भाग.

पहिल्यावरच हर्बर्टचं मन बसलं. त्याने तो हातात घेतला, दुमडला, उघडला, परत दुमडला.

"पुरे आता," ॲडेलिन म्हणाली. "तो तुझ्यासाठी नाहीये. तू नवीन गाडीच्या दारासारखा वाजवत काय बसलायस?"

रायफल रिकामी असल्याची हर्बर्टने स्वतः खात्री केली, मग भामाताईंना दाखवून त्यांच्याकडूनही करून घेतली. मग एकेक चेसिस बसवून त्यांच्या डाव्या खांद्याला दिला. चष्म्याच्या उजव्या काचेवर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावली होती.

"हा कसा वाटतो?"

"चालेल."

दुसरा लावला. "आणि हा?"

"हापण छान आहे. चालेल."

तिसरा लावला. "चालेल," भामाताई म्हणाल्या, "तुम्हाला कुठला सोपा पडतो, हर्बर्टभाऊ? तो घ्या."

रेंजवर भामाताईंनी तिन्ही चेसिस लावून गोळ्या झाडून बघितल्या. काळ्याने जरा बरा नेम बसला. म्हणजे मोहरी सांडायच्या ऐवजी मूठभर तांदूळ टाकल्यासारखा. हर्बर्टला तेवढंच हवं होतं. काळाच घ्यायचा, त्याने मनाशी पक्कं केलं. भामाताई कामावर परत गेल्या आणि तो आवराआवर करू लागला.

जुनं लाकूड आता कपाटात ठेवून द्यायचं, म्हणून त्याने ते पुसायला घेतलं. इतकी वर्षं ते नळीखाली बसलेलं, कधी असं सुटं हातात आलं नव्हतं. खिडकीतून तिरका उजेड पडत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

गाल घासून घासून लाकडाचं पॉलिश जातं. क्लबातल्या सगळ्या रायफलींवर ते उंचवट्याच्या मधोमध गेलेलं होतं, कारण माणसाचा गाल तिथेच पडतो. या लाकडावर मधोमध पॉलिश नव्यासारखं चकचकत होतं. ते गेलं होतं अगदी पुढच्या टोकाला, बोल्ट मागे सरकतो त्याला लागून, अंगठ्याएवढ्या जागेत. तिथलं लाकूड पांढरट, मऊ झालं होतं. आणि या जुन्या, जड रायफलीला भामाताईंशिवाय क्लबात कुणी सहसा हात लावत नव्हतं.

हर्बर्टने चेसिस काढला, रायफल परत लाकडात बसवली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि खोलीतल्या सतरंजीवर पालथा पडला. भामाताई त्याच्यापेक्षा बऱ्याच ठेंगण्या, हात आखूड. त्याने आपला खांदा मागे घेतला, त्यांच्याएवढं होऊन बघायचा प्रयत्न केला आणि वरच्या दुर्बिणीला डोळा भिडेपर्यंत गाल त्या पांढरट जागेवर नेला. त्यासाठी मान पुढे ताणावी लागली, हनुवटी वर करावी लागली, आणि मानेमागची शीर अशी धरली की त्याच्या तोंडून आवाज निघाला. एक श्वास, दुसरा श्वास. त्याला तिथे राहवेना. तो उठून बसला आणि मान चोळत राहिला.

त्या रायफलीचा दस्ता, म्हणजे हे खांद्याला टेकणारं लाकूड, भामाताईंना कधीच झाला नव्हता. पहिल्या दिवसापासून तो त्यांच्यासाठी लांब होता. उंच माणसासाठी केलेल्या त्या लाकडावर बाई कासवासारखी मान पुढे काढून पडत होती, थंडीमागून थंडी, आणि तशा अवस्थेत एका भोकात गोळ्या टाकत होती. बाकीचे नेमबाज गादीवर टेकल्यासारखे टेकून जे करू शकत नव्हते, ते. आणि विचारलं तर म्हणत होती, चालेल.

संध्याकाळी ॲडेलिन न्यायला आली तेव्हा तो टेबलाशी तसाच बसलेला होता.

"काय झालं रे? चेहरा असा का?"

त्याने तिला लाकूड दाखवलं, ती जागा दाखवली, सगळं सांगितलं. ॲडेलिनने त्या पांढरट डागावरून बोट फिरवलं.

"हर्बर्ट," ती म्हणाली, "आपण त्या बाईला दगडावर झोपवलं आणि वर म्हणालो, काय गाढ झोपते बघा."

दुसऱ्या दिवशी भामाताईंची अर्धी सुट्टी होती. ॲडेलिन त्यांना घेऊनच आली. हर्बर्टने काळा चेसिस बसवून ठेवला होता. त्याने त्यांना पालथं पडायला सांगितलं.

"आता डोळे मिटा. नेम धरायचा नाही. उशीवर डोकं टाकता तसा गाल टाका. मान सोडून द्या. अजून. अजून सोडा. टाकलीत? आता उघडा, दुर्बिणीतून बघा. काय दिसतं?"

भामाताईंनी डोळे उघडले, परत मिटून उघडले.

"काय दिसतं, ताई?"

"काही नाही. काळोख दिसतो." आणि लगेच त्यांची मान पुढे गेली. "पण असं केलं की दिसतं ना! चालेल हो, मला सवय आहे."

"नाही चालणार," हर्बर्ट म्हणाला. आपला आवाज चढला हे त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. "तुमची मान पुढे जाते तेव्हा तुम्ही रायफलीच्या मापाच्या होता. रायफल तुमच्या मापाची व्हायला हवी."

त्याने काळा चेसिस काढला. तो पार आत ढकलला तरी त्यांना हवा तेवढा आखूड होईना. हिरवट लावला, त्याची गालाची पट्टी एका बाजूलाच फुगीर होती. राहिला तो राखाडी. हर्बर्टने त्याचा मागचा भाग पार आत ढकलला, पट्टी खाली आणली आणि भामाताईंना परत डोळे मिटायला लावले.

"उघडा. आता?"

"दिसतंय."

"पूर्ण गोल दिसतंय?"

"हो." मग थोडं थांबून, "एका बाजूला नखाएवढी काळी कड आहे. पण चालेल."

हर्बर्टने कपाळाला हात लावला. तेवढ्यात ॲडेलिन गुडघे टेकून भामाताईंच्या शेजारी सतरंजीवर बसली.

"भामा, मला एक सांग. चारशे बारा नंबरच्या खोलीची चादर. एका बाजूला नखाएवढी सुरकुती. वर पाठवशील?"

"मुळीच नाही."

"का? गिऱ्हाइकाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसली ना."

"मग ही तुझी चादर आहे असं समज. हा हर्बर्ट लाँड्रीतला पोरगा. त्याने घडी करून आणली आहे. बघ."

भामाताई पडल्या पडल्या हसल्या. मग हसू हळूहळू गेलं. त्यांनी डोळे मिटले, गाल टाकला, उघडले. आणि लिनन रूममधल्या आवाजात, जो हर्बर्टने आजवर कधी ऐकला नव्हता, त्या म्हणाल्या, "नाही. पट्टी खाली घ्या."

त्याने घेतली.

"जास्त झाली. अर्धी वर."

त्याने स्क्रू अर्धा फिरवला.

"आता खांद्याचं डावीकडे. अहो, माझ्या डावीकडे! हां. अजून एक केस. थांबा. नाही, मागे घ्या."

दुपार सरली. हर्बर्टच्या बोटांना पान्याचे वळ उठले. गालाची पट्टी, खांद्याचा टेकू, मुठीचा कोन, मग सगळं झालं असं वाटलं की भामाताई उठून बसायच्या, पाणी प्यायच्या, परत पडायच्या आणि म्हणायच्या, "मघाशी बरं होतं, आता मूठ टोचते." ॲडेलिन दोनदा चहा करून आली. मुदीरसाहेब दारात डोकावले, वातावरण बघून आल्या पावली परत गेले. हर्बर्टला मात्र वैताग येत नव्हता. त्याला वाटत होतं, आपण इतकी वर्षं ज्या दाराशी उभे होतो, ते आज पहिल्यांदा आतून उघडतंय. ही बाई इतकं बारीक जाणत होती! पट्टी केसभर हलली तरी तिच्या गालाला कळत होतं. इतकी वर्षंही कळतच असणार, फक्त तिने ते स्वतःशीच ठेवलं होतं.

शेवटी त्या पडल्या, डोळे मिटले, उघडले आणि तशाच पडून राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. इथे सगळं गप्प आहे."

ते त्यांना रेंजवर घेऊन गेले. तिथे हर्बर्टला आणखी एक गोष्ट दिसली, जी त्याला कुणी शिकवली नव्हती. रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूलाच होता. डाव्या माणसाला तो अडचणीचा, असं सगळे म्हणायचे. भामाताईंनी डावी मूठ चापाशी धरली, नळी वाळूच्या पिशवीवर टेकली, आणि मोकळा उजवा हात उचलून बोल्ट ओढला, गोळी भरली, बोल्ट लावला. डावी मूठ सुटली नाही. गाल उठला नाही. खांदा हलला नाही. इतर नेमबाज प्रत्येक गोळीमागे मूठ सोडतात आणि नव्याने धरतात. त्या एकदा पडल्या त्या पडल्याच. फक्त एक हात अंगापासून वेगळा असल्यासारखा येत-जात होता, चादरीवरची धूळ झटकावी तसा.

हर्बर्ट दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. कागदाच्या मधोमध एक भोक पडलं. मग बराच वेळ दुसरं भोक पडलंच नाही, गोळ्या मात्र सुटत होत्या. त्याला आधी वाटलं, नेम चुकतोय. मग त्या भोकाची कड जरा फाटलेली दिसली. सगळ्या गोळ्या त्याच भोकातून जात होत्या.

"काय रे?" ॲडेलिनने विचारलं.

त्याने नुसता हात वर केला, बोलू नको म्हणून.

निवडीचा दिवस शनिवारचा होता. संघातले तिघे ठरले होते. चौथी जागा डीन आणि भामाताई यांच्यात. डीन हसरा पोरगा. त्याने येऊन भामाताईंना वाकून नमस्कार केला. "आंटी, जरा सांभाळून घ्या हं. हरलो तर रिसेप्शनवर तोंड दाखवायचं आहे मला."

"तू नीट नेम धर," भामाताई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस."

मुदीरसाहेब मागे खुर्ची टाकून बसले. वेळ मोजायला घड्याळ लावलं होतं. ते एकदा सुरू झालं की कुणासाठी थांबणार नव्हतं. भामाताई पडल्या. गोळ्या सुरू झाल्या. हर्बर्टने दुर्बिणीतून त्यांचा कागद बघितला. गोळ्या मध्यापासून बाजूला, आणि एकमेकींपासून लांब. डीनच्या मात्र चांगल्या बसत होत्या.

हर्बर्टचं लक्ष त्यांच्या मानेकडे गेलं. ती पुढे ताणलेली होती.

तो जागेवरून हलू शकत नव्हता. नेमबाजाने बोलावल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही, असा नियम. ॲडेलिनने त्याचा दंड घट्ट धरला. आता ही बाई काही बोलणार नाही, त्याला वाटलं. वेळ जातोय, लोक बसलेत, मुदीरसाहेब बघतायत. ती म्हणेल चालेल, आणि उरलेल्या गोळ्या मान ताणून टाकेल, आणि उठून डीनचं कौतुक करेल.

भामाताईंनी बोल्ट उघडला. रायफल रिकामी केली. आणि हात वर केला.

सगळी रांग थबकली. घड्याळ चालूच होतं.

"हर्बर्टभाऊ," त्या म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत, पण तळघरातला तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "याला कुणीतरी हात लावलाय. गालाची पट्टी वर आहे आणि दस्ता लांब झालाय."

हर्बर्ट पुढे धावला आणि गुडघ्यावर बसला. खरंच. खूण करून ठेवलेल्या रेघेपासून दोन्ही सरकलेली होती. मागून खुर्ची करकरली.

"सुबह मैंने थोडा लेटके देखा," मुदीरसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात ओशाळलेपण होतं. "नया चीज था, हबीबी. मुझे क्या मालूम..."

"खाली घ्या," भामाताई म्हणाल्या. हर्बर्टने घेतली. "आता दस्ता आत. अजून. थांबा." त्यांनी डोळे मिटले, गाल टाकला, उघडले. डीनने गोळ्या झाडायच्या थांबवल्या होत्या. तो रायफल खाली ठेवून बघत होता. "आंटी, टाइम जातोय!" तोच कळवळून म्हणाला.

"जाऊ दे. अर्धी वर, हर्बर्टभाऊ. अर्धी म्हटलं, पाऊण नाही. हां."

घड्याळाचा काटा सरकत होता आणि त्या बाईला घाई नव्हती. हर्बर्टने पान्याने शेवटचा स्क्रू आवळला. तो मागे सरला. भामाताईंनी आणखी एकदा डोळे मिटून उघडले आणि मग तो उजवा हात सुरू झाला. येत होता, जात होता, बोल्ट ओढत होता, लावत होता. मागे कुणी चहा पीत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा शेवटच्या गोळीचा आवाज तिच्यातच मिसळला.

कागद आणले गेले. मुदीरसाहेबांनी दोन्ही कागद स्वतः हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला. डीनचा कागद चांगला होता. भामाताईंच्या कागदावर पहिल्या गोळ्या दूरदूर विखुरलेल्या, पोरक्या दिसत होत्या. आणि मधोमध, ठिपक्याच्या पोटात, उरलेल्या सगळ्यांचं मिळून एकच भोक. मुदीरसाहेबांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि त्या भोकातून पलीकडची वाळू बघितली. मग गुणांची बेरीज झाली. भामाताई अगदी थोडक्यात पुढे होत्या.

डीनने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आंटी, तुम्ही मध्ये चहा प्यायला उठला असतात तरी मी हरलो असतो!"

भामाताई अजून सतरंजीवर बसलेल्याच होत्या, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून बघत. दुखत नाही ना, हे तपासत असाव्यात. हर्बर्टने पाना खिशात टाकला.

मुदीरसाहेब जवळ आले. "तो फिर, हर्बर्ट? कौनसा लेना है? आज बोलनेका था."

हर्बर्टने तोंड उघडलं, पण उत्तर भामाताईंनी दिलं. त्या उठल्या, ओढणी सारखी केली, राखाडी चेसिसवर हात ठेवला आणि मुदीरसाहेबांकडे सरळ बघितलं.

"यही," त्या म्हणाल्या. "और साब, इसको कोई हाथ नहीं लगानेका. आप भी नहीं."

मुदीरसाहेबांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"खलास," ते म्हणाले.